जलपात्र आणि वायुपात्र : हायड्रोजन-पाणी साठविण्याच्या भांड्यांचा विचार

१. प्रास्ताविक

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने पाणी साठविण्याच्या भांड्यांविषयी लिहावे, हे वाचकांस प्रथमदर्शनी विषयांतर वाटण्याचा संभव आहे. म्हणून प्रस्तुत लेखाचे निमित्त आरंभीच सांगितलेले बरे. पदव्युत्तर वर्गास तांत्रिक मजकुराच्या भाषांतराचा स्वाध्याय देताना, प्रत्येकाने आपल्या घरी आलेले एखादे इंग्रजी माहितीपत्रक आणून त्याचे मराठी करावे, असे मी सुचविले होते. एका विद्यार्थिनीने आणलेले पत्रक 'हायड्रोजन-पाणी' तयार करणाऱ्या यंत्राचे व त्यासोबत मिळणाऱ्या प्लास्टिकच्या बाटलीचे होते. तिच्या वडिलांनी ते यंत्र आजीसाठी हप्त्याने घेतले होते. सकाळी यंत्रातून बाटली भरावयाची, ती आजीच्या पिशवीत ठेवावयाची आणि आजीने त्यातील पाणी सायंकाळपर्यंत थोडेथोडे प्यावयाचे, असा त्या घरातील क्रम होता.

पत्रकात बाटलीस लावलेल्या विशेषणाचे भाषांतर तिने 'गळतीरोधक' असे केले होते. शब्दास शब्द या न्यायाने ते निर्दोष होते. परंतु वहीच्या समासात तिने पेन्सिलीने एक प्रश्न लिहून ठेवला होता : "सर, काय गळत नाही? पाणी की हायड्रोजन?" या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. शब्दकोशांत ते मिळण्याजोगे नव्हते. त्यासाठी रसायनशास्त्र विभागातील सहकाऱ्यांकडे जावे लागले. त्या चौकशीतून जे हाती लागले, त्याची संगतवार मांडणी करणे हा या लेखाचा हेतू आहे. हायड्रोजन-पाणी कोणत्या द्रव्याच्या भांड्यात ठेवावे, हा प्रश्न भांड्यापासून सुरू होत नसून त्या पाण्याच्या नावापासून सुरू होतो, असे माझे प्रतिपादन आहे.

२. मीठपाणी, गूळपाणी आणि हायड्रोजन-पाणी

मराठीत 'पाणी' हे उत्तरपद असलेले सामासिक शब्द पुष्कळ आहेत. परंतु त्यांतील दोन पदांचा परस्परसंबंध एकसारखा नाही. 'मीठपाणी' म्हणजे मीठ विरघळविलेले पाणी. 'गूळपाणी' म्हणजे उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे ठेवलेला गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या. 'गुलाबपाणी' म्हणजे गुलाबाचा सुगंधी अर्क उतरविलेले पाणी. आणि 'चहापाणी' या शब्दात तर पाण्याचा पेला असेलच, असा भरवसा नाही. समास हा दोन पदांमधील संबंधदर्शक शब्द गाळतो, आणि तो संबंध ओळखण्याचे काम ऐकणाऱ्यावर सोपवितो. परिचित वस्तूंच्या बाबतीत हे काम विनासायास होते. अपरिचित वस्तूच्या बाबतीत मात्र गाळलेला शब्दच नेमका महत्त्वाचा ठरतो.

भांड्याची निवड या गाळलेल्या शब्दावरच अवलंबून असते. मीठपाणी वाडग्यात उघडे राहिले तरी मीठ कोठे जात नाही. उलट पाणी आटते आणि मीठ तळाशी उरते. गूळपाण्यास वाटी आणि तांब्या अशी दोन भांडी लागतात. गुलाबपाण्यास मात्र घट्ट बुचाची बाटली हवी, कारण तेथे जपावयाचे ते पाणी नसून त्यातील सुगंध होय.

आता 'हायड्रोजन-पाणी' हा शब्द पाहू. हेन्री कॅव्हेन्डिश याने १७६६ मध्ये ज्या ज्वालाग्राही वायूचे वर्णन केले, त्यास लाव्हाझिए व त्याच्या सहकाऱ्यांनी १७८७ च्या आपल्या रासायनिक परिभाषेत 'हायड्रोजन' हे नाव दिले. ग्रीक भाषेच्या आधारे घडविलेल्या या नावाचा अर्थ 'पाणी उत्पन्न करणारा' असा आहे. आपल्याकडील 'उद्जन' हा पर्याय याच अर्थाचे भाषांतर होय. जपानी भाषेत हायड्रोजनला 'सुइसो', म्हणजे जलतत्त्व, म्हणतात आणि प्रस्तुत पाण्यास 'सुइसोसुइ'. लिहिताना या शब्दाच्या आरंभी व अंती पाण्याचेच चिन्ह येते. तात्पर्य, 'हायड्रोजन-पाणी' हा शब्द व्युत्पत्तीच्या दृष्टीने 'पाणी-कर्त्याचे पाणी' असा आहे, आणि त्यात कोणतीही नवी माहिती नाही.

वस्तुतः कोणत्याही एक लिटर पाण्यात सुमारे १११ ग्रॅम हायड्रोजन असतोच. पण तो ऑक्सिजनशी रासायनिक बंधाने जखडलेला असतो. त्याचे रक्षण करण्यासाठी कोणत्याही खास भांड्याची आवश्यकता नाही. हायड्रोजन-पाणी या नावाने जे विकले जाते, त्यात याखेरीज मुक्त हायड्रोजन वायू विरघळविलेला असतो. नेहमीच्या वातावरणीय दाबाखाली शुद्ध हायड्रोजनच्या सान्निध्यात, २५ अंश सेल्सिअस तापमानास, एक लिटर पाण्यात या वायूचे जास्तीत जास्त सुमारे १.६ मिलिग्रॅम विरघळतात. म्हणजे बद्ध हायड्रोजन १११ ग्रॅम आणि मुक्त हायड्रोजन १.६ मिलिग्रॅम, दोहोंचे प्रमाण सुमारे सत्तर हजारास एक असे पडते. यंत्राची किंमत, बाटलीची किंमत आणि पत्रकातील सर्व आश्वासने या १.६ मिलिग्रॅमसाठी आहेत. समासात लोपलेला मधला शब्द 'वायू विरघळविलेले' हा आहे, आणि भांडे निवडावयाचे ते या वायूसाठी.

या पाण्याच्या गुणाविषयीही दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. हायड्रोजन वायूच्या शरीरातील ऑक्सिडीकरणविरोधी क्रियेसंबंधी जपानी संशोधकांचा एक निबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून या विषयास विशेष चालना मिळाली. त्यानंतर झालेल्या मानवी चाचण्या बहुधा लहान आहेत, आणि निरोगी अथवा आजारी माणसास हे पाणी पिण्याने निश्चित लाभ होतो, असे मोठ्या चाचण्यांनी निर्णायकपणे सिद्ध झालेले नाही. प्रस्तुत लेख त्या वादात शिरत नाही. परंतु लाभ असो वा नसो, वायू भांड्यातून निघून गेल्यावर उरते ते साधे पाणी होय, एवढे तरी निर्विवाद आहे.

३. गळणे आणि उडून जाणे

द्रव पदार्थ भांड्यातून बाहेर पडण्याच्या क्रियेसाठी मराठीजवळ शब्दांची श्रीमंती आहे. छप्पर गळते, माठ पाझरतो, जमिनीत पाणी झिरपते, नळ ठिबकतो, घाम निथळतो. यांतील प्रत्येक क्रियापदाचा वेग आणि रीत निराळी आहे. वायुरूप पदार्थाच्या बाबतीत मात्र आपण 'उडणे' या एकाच क्रियापदावर बहुतेक काम भागवितो. कापूर उडतो, अत्तर उडते, स्पिरिट उडते.

या भेदामुळे 'गळतीरोधक' हे विशेषण वाचणाऱ्याच्या मनात ओल्या पिशवीचे चित्र उभे राहते. बाटली उलटी केली, थेंब पडला नाही, म्हणजे परीक्षा झाली, असे त्यास वाटते. पण कापराच्या डबीस कोणी या परीक्षेस लावीत नाही. कापूर डबीतून सांडत नाही, गळत नाही. तरी झाकण सैल राहिले तर काही दिवसांनी डबी रिकामी सापडते. हायड्रोजन-पाण्याची बाटली ही पाण्याच्या दृष्टीने तांब्या आणि वायूच्या दृष्टीने कापराची डबी आहे. जलरोधकता आणि वायुरोधकता हे दोन स्वतंत्र गुण आहेत, आणि एकावरून दुसऱ्याचे अनुमान करता येत नाही.

४. भांड्यातील रिकामी जागा

भांड्याच्या द्रव्याकडे वळण्यापूर्वी भांड्यातील जे पाण्याने व्यापलेले नाही, त्याचा विचार करावा लागतो. माझ्या मते संपूर्ण विषयात सर्वाधिक दुर्लक्षिली जाणारी बाब हीच आहे.

विल्यम हेन्री याने १८०३ मध्ये मांडलेल्या नियमानुसार द्रवात विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण हे त्या द्रवावरील त्याच वायूच्या दाबाशी समप्रमाणात असते. आपल्या भोवतालच्या हवेत हायड्रोजनचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे अर्धा भाग इतके अल्प आहे. तेव्हा उघड्या पेल्यातील हायड्रोजन-पाण्यातून जवळजवळ सर्व वायू कालांतराने बाहेर जावयाचाच. झाकण लावल्याने ही क्रिया थांबते ती झाकणाखालच्या रिकाम्या जागेत पुरेसा हायड्रोजन जमल्यानंतर; आणि 'पुरेसा' म्हणजे किती, हे हायड्रोजनच्या बाबतीत फार महाग पडते. कारण हा वायू पाण्यात अत्यंत अल्प प्रमाणात विरघळणारा आहे. २५ अंशांस समतोल झाला असता, एक मिलिलिटर रिकाम्या जागेत जितका हायड्रोजन असतो तितका मावण्यास सुमारे ५२ मिलिलिटर पाणी लागते.

या एका आकड्याचा परिणाम पाहा. ५०० मिलिलिटर पाण्यावर केवळ १० मिलिलिटर हवेची जागा सोडली, तर समतोलाच्या वेळी विरघळलेल्या वायूपैकी निम्म्याहून किंचित अधिक त्या जागेत गेलेला असतो. जागा ५० मिलिलिटर असेल तर पाण्यात सुमारे एक-षष्ठांश उरतो. आणि बाटली अर्धी प्यालेली असेल, तर उरलेल्या पाण्यात राहतो तो शेकडा दोन भागांच्या आसपास. भिंतीतून एक रेणूही न जाता हे सर्व घडू शकते. स्थिर ठेवलेल्या बाटलीत समतोलास वेळ लागतो. पण पिशवीत हिंदकळणाऱ्या बाटलीत तो लवकर येतो.

रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी हे आम्हांस करून दाखविले. प्लॅटिनमच्या सूक्ष्म कणांच्या सान्निध्यात मिथिलीन ब्ल्यू हा निळा रंग हायड्रोजनमुळे वर्णहीन होतो. नमुन्यात किती थेंबांपर्यंत निळा रंग नाहीसा होतो, यावरून विरघळलेल्या वायूचा अंदाज बांधता येतो. विद्यार्थिनीने सकाळी यंत्रातून भरून आणलेल्या पाण्यात रंगाचे बरेच थेंब विरून गेले. सायंकाळी, अर्धी रिकामी झालेली तीच बाटली तपासली, तेव्हा पहिलाच थेंब निळा राहिला. वर्गातील सर्वांनी प्लास्टिकला दोष दिला. तेव्हा सहकाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी तेच पाणी काचेच्या दोन बाटल्यांत भरविले. एक अर्धी व दुसरी काठोकाठ. सायंकाळी काचेच्या अर्ध्या बाटलीतही पहिला थेंब निळाच राहिला. काठोकाठ भरलेल्या बाटलीने मात्र सकाळच्यापेक्षा थोडेच कमी थेंब पचविले. म्हणजे आजीच्या बाटलीतील वायू प्रथम बाटलीच्याच रिकाम्या अर्ध्या भागात गेला होता, आणि बूच उघडताच प्रत्येक वेळी तेथूनही निघून गेला होता. काचेची महागडी बाटली आणूनही त्या घरातील क्रम न बदलता तर काहीच साधले नसते.

५. भिंतीचे द्रव्य

रिकाम्या जागेचा बंदोबस्त झाल्यानंतरच भिंतीच्या द्रव्याचा प्रश्न अर्थपूर्ण होतो. तेथे आरंभीच एक समज दुरुस्त केला पाहिजे. हायड्रोजनचा रेणू सर्वांत लहान असल्यामुळे तो कोठूनही जातो, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. वायूंच्या पारगमनात वापरल्या जाणाऱ्या मापानुसार हेलियम हायड्रोजनहूनही लहान आहे. शिवाय केवळ आकारावर हा विषय संपत नाही. टॉमस ग्रॅहम याने १८६६ मध्ये रबराच्या पातळ पडद्यांवरील प्रयोगांवरून दाखविले, की वायू अशा पडद्यातून छिद्रांवाटे जात नाही; तो प्रथम पडद्याच्या द्रव्यात विरघळतो, त्यातून पसरत जातो आणि पलीकडच्या बाजूस पुन्हा वायुरूपाने बाहेर पडतो. म्हणून एखाद्या द्रव्याची पारगम्यता ही दोन गोष्टींवर ठरते : त्यात वायू किती विरघळतो, आणि विरघळल्यावर किती वेगाने पसरतो. या दृष्टीने निरनिराळ्या द्रव्यांचा विचार करू.

(अ) माती : आपला माठ हा सच्छिद्र असावा, हीच अपेक्षा असते. त्याच्या अंगातून पाणी पाझरते, त्याचे बाष्प होते आणि आतील पाणी थंड राहते. माठाची निवड करताना जो गुण पाहतात तोच येथे सर्वांत मोठा दोष ठरतो. विरघळलेला वायू धरून ठेवण्यास मातीचे भांडे सर्वथा अयोग्य होय.

(आ) प्लास्टिक : प्लास्टिक ही एक वस्तू नसून बहुवारिकांचे एक मोठे कूळ आहे, आणि त्यातील सभासदांत फार अंतर आहे. पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिकार्बोनेट यांतून हायड्रोजन पुष्कळ सहजतेने जातो. शीतपेयांच्या बाटल्यांसाठी वापरले जाणारे पेट हे त्या मानाने कितीतरी पटींनी चांगले आहे; तरीही ते येथे पुरेसे नाही. यावर एक स्वाभाविक शंका निघते : सोडा जर पेटच्या बाटलीत महिनोन्‌महिने टिकतो, तर हायड्रोजन-पाणी का टिकू नये? उत्तर साठ्याच्या प्रमाणात आहे. अर्धा लिटर सोड्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढला तर दोन लिटरच्या आसपास भरतो. अर्धा लिटर संपृक्त हायड्रोजन-पाण्यातील वायू मात्र सुमारे १० मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे भरतील एवढाच असतो. बाटलीच्या भिंतीतून दररोज काही मिलिलिटर वायू गेला तर सोड्याचे काहीच बिघडत नाही. हायड्रोजन-पाण्याचे मात्र थोड्याच दिवसांत दिवाळे वाजते. श्रीमंताच्या खर्चावरून गरिबाचे अंदाजपत्रक करू नये, हा व्यवहार येथेही लागू आहे.

जपानच्या राष्ट्रीय ग्राहक-व्यवहार केंद्राने डिसेंबर २०१६ मध्ये बाजारातील हायड्रोजन-पाण्याच्या उत्पादनांची तपासणी केली, तेव्हा पेटच्या बाटलीतून विकल्या जाणाऱ्या दोन उत्पादनांत विरघळलेला हायड्रोजन आढळलाच नाही. वरील हिशेब लक्षात घेता यात नवल वाटण्याजोगे काही नाही.

(इ) काच : नेहमीच्या तापमानास साध्या सोडा-चुना काचेतून किंवा बोरोसिलिकेट काचेतून हायड्रोजन जाण्याचे प्रमाण व्यवहारतः नगण्य आहे. काच पाण्याशी अथवा वायूशी रासायनिक क्रियाही करीत नाही, आणि आत किती रिकामी जागा आहे हे डोळ्यांस दिसते. तिचे दोष दोन : ती फुटते, आणि ती ताठ असल्यामुळे जितके पाणी काढावे तितकी हवा आत येते. अर्थात काचेच्या बाटलीची खरी परीक्षा तिच्या बुचाशी होते. त्याचा विचार पुढे येईल.

(ई) अगंज पोलाद : धातूतून हायड्रोजन जाण्याची रीत बहुवारिकांहून निराळी आहे. येथे रेणूला पृष्ठभागावर प्रथम दुभंगून अणुरूप व्हावे लागते. रेणू धातूत शिरत नाही, अणू शिरतात. पॅलेडियमसारख्या धातूत ही क्रिया इतकी सुलभ आहे की तो आपल्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन शोषून घेतो. हेही ग्रॅहमनेच दाखविले. पण पॅलेडियमच्या बाटल्या कोणी करीत नाही. स्वयंपाकघरातील अगंज पोलादाच्या पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचे पातळ पटल असते, आणि सामान्य तापमानास त्यातून जाणारा हायड्रोजन नगण्य असतो. हायड्रोजनमुळे पोलाद ठिसूळ होते, ही गोष्ट खरी आहे. परंतु ती प्रामुख्याने उच्च दाबाच्या वायूची व अतिबलवान पोलादाची समस्या आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅम वायू असलेल्या पाण्याने घरातील बाटली ठिसूळ होईल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

(उ) ॲल्युमिनियम : हा धातू हायड्रोजनला उत्तम अडवितो. पाकिटबंद हायड्रोजन-पाण्यासाठी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे डबे आणि ॲल्युमिनियमचा वर्ख मध्ये घातलेल्या बहुपदरी पिशव्या वापरतात, ते याच कारणाने. मात्र दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पहिली अशी, की मॅग्नेशियमची पाण्याशी क्रिया घडवून हायड्रोजन उत्पन्न करण्याची एक पद्धती आहे, आणि तिच्यामुळे पाणी अल्कधर्मी होते. ॲल्युमिनियमवरील संरक्षक ऑक्साइड अल्कलीत विरघळते. तेव्हा असे पाणी आतून लेप नसलेल्या ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नये. दुसरी सावधगिरी शब्दाची आहे. 'चंदेरी' पिशवी म्हणजे वर्खाची पिशवी नव्हे. वेफर्सच्या पुड्यांचा चकाकणारा थर बहुधा प्लास्टिकवर धातूची वाफ बसवून केलेला, मिलिमीटरच्या लाखांशात मोजण्याजोगा पातळ असतो. खऱ्या वर्खाची जाडी त्याच्या शेकडो पट असते. दोन्ही सारख्याच चकाकतात, पण वायू अडविण्याची त्यांची क्षमता सारखी नाही.

बहुपदरी पिशवीचा एक विशेष गुण येथे नोंदविला पाहिजे. ती लवचीक असल्यामुळे पाणी काढले की आकसते. वरची हवा पिळून काढून तोंड बंद केले तर रिकामी जागा उरतच नाही. चौथ्या विभागातील आकडे ज्याने नीट पाहिले आहेत, त्यास हा गुण काचेच्या अभेद्यतेहूनही मोलाचा वाटेल.

(ऊ) तांबे : तांब्यातून हायड्रोजन जात नाही म्हटले तरी चालेल. परंतु आपला तांब्या, कळशी अथवा हंडा ही सर्व रुंद तोंडाची आणि घट्ट झाकण नसलेली भांडी आहेत. द्रव्य योग्य आणि घडण अयोग्य, याचे हे उत्तम उदाहरण होय.

६. बूच आणि सांधा

अत्तराच्या कुपीचे काचेचे बूच घासून बसविलेले असते. कारागिराने तेथे जी मेहनत घेतली, ती कुपीच्या पोटावर घेतली नाही. याचे कारण उघड आहे. भांडे जेथे उघडते तेथेच ते दुबळे असते.

काचेच्या अथवा पोलादाच्या उत्तम बाटलीस आज जे झाकण मिळते, त्यात बहुधा सिलिकोनची कडी बसविलेली असते. सिलिकोन मऊ, टिकाऊ, उष्णतेस न जुमानणारे आणि अन्नपदार्थांस निरुपद्रवी आहे. पाणी तर त्यातून थेंबभरही येत नाही. परंतु नेहमीच्या वापरातील रबरी द्रव्यांत वायूंना सर्वाधिक वाट देणारे द्रव्य तेच आहे. ब्यूटिल रबर या बाबतीत कितीतरी पटींनी सरस असते. वाहनांच्या चाकांतील हवेच्या नळ्यांसाठी ते वापरतात ते याच गुणामुळे. कडी अरुंद असल्याने तिचे क्षेत्रफळ लहान असते आणि म्हणून ती संपूर्ण प्लास्टिकच्या भिंतीइतकी हानी करीत नाही. तथापि संपूर्ण झाकणच पातळ पॉलिप्रॉपिलीनचे असेल, अथवा त्यास पिण्याची नळी जोडलेली असेल, तर बाटलीच्या पोलादाचे श्रेय झाकणापाशी संपते. बहुपदरी पिशवीचेही असेच आहे : वर्ख अभेद्य, पण तिची तोटी प्लास्टिकची आणि शिवण आतल्या पॉलिएथिलीनच्या पदराने जोडलेली. घडी पडून वर्खास सूक्ष्म छिद्रे पडतात ती निराळीच.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून निवडीचा क्रम पुढीलप्रमाणे लागतो. प्रथम, रिकामी जागा : भांडे असे असावे की ते काठोकाठ भरता येईल आणि शक्यतो एका बैठकीत संपेल, एक लिटरच्या एका बाटलीपेक्षा पाव लिटरच्या चार बाटल्या येथे अधिक उपयोगी. द्वितीय, बूच : ते दाबून बसणारे, त्यातील प्लास्टिक व सिलिकोनचा भाग शक्य तितका लहान. तृतीय, भिंत : काच, अगंज पोलाद अथवा ॲल्युमिनियमचा खरा वर्ख. थंड पाण्यात हायड्रोजन किंचित अधिक विरघळतो. शून्य अंशाजवळ लिटरमागे सुमारे १.९ मिलिग्रॅम. म्हणून भांडे थंड जागी ठेवणे हितावह, परंतु वरील तिन्हींची उणीव थंडी भरून काढू शकत नाही. घरी यंत्र असेल, तर सर्वांत चांगले भांडे म्हणजे पाणी भरताच पिऊन टाकावयाचा साधा पेला होय, हेही सांगून टाकले पाहिजे. त्या विद्यार्थिनीच्या घरी आता हाच क्रम आहे. बाटली तिने चौकशीच्या पहिल्याच आठवड्यात बाजूस काढली. हप्ते मात्र अद्याप चालू आहेत.

राहिला भाषांतराचा प्रश्न. अशा मजकुरात 'गळतीरोधक' हा शब्द एकटा वापरू नये, असे मी सुचवितो. पाण्यासाठी 'जलरोधक' आणि वायूसाठी 'वायुरोधक' ही दोन विशेषणे निरनिराळी ठेवावीत, आणि मूळ मजकुरात दोहोंपैकी कोणता गुण अभिप्रेत आहे हे ठरत नसेल, तर भाषांतरकाराने स्वतःच्या अंदाजाने ती पोकळी न भरता लेखकास विचारावे. तसेच 'हायड्रोजनयुक्त पाणी' हा रूढ होऊ पाहणारा शब्दही टाळावा. कारण हायड्रोजनयुक्त नाही असे पाणी अस्तित्वातच नाही. लेखात प्रथम उल्लेखाच्या वेळी 'हायड्रोजन वायू विरघळविलेले पाणी' असे सविस्तर लिहावे आणि पुढे 'हायड्रोजन-पाणी' हा संक्षेप योजावा. चार शब्द अधिक लागतात, हे खरे. पण समासात जे लोपले होते ते त्यांमुळे वाचकाच्या हाती परत येते, आणि बाटली विकत घेताना त्याने काय विचारावयाचे, हे त्यास कळते.

पदव्युत्तर विद्यार्थी भाषांतराकडे पुष्कळदा पर्याय शोधण्याचे काम म्हणून पाहतात. पर्याय त्या विद्यार्थिनीस मिळालाच होता, आणि तो कोशसंमतही होता. तरीही तिने पेन्सिल उचलली. वहीच्या समासात लिहिलेला तिचा तो प्रश्न मी पुढील वर्षीच्या वर्गासाठी स्वाध्यायाच्या आरंभी उतरवून ठेवला आहे.